मामीच्या माहेरी, पाहुण्यांच्या बोटीतून

जुन्नर-आंबेगावकडे कुणी निघालं की लोक शिवनेरी सांगतात, लेण्याद्री सांगतात, भीमाशंकर सांगतात. मी तिकडची जी जागा पाहून आले ती कुणी सांगत नाही, कारण वर्षातले अकरा महिने ती पाण्याखाली असते. मे महिन्यात धरण आटलं की थोडे दिवस वर येते. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती तेव्हा मी तिथे गेले. माझ्याबरोबर मामी होती. खरं म्हणजे मीच तिच्याबरोबर होते, कारण ती जागा तिचं माहेर होतं.

मामीचं सासर अवसरी खुर्द. मामा गेल्यापासून तिथल्या घरात मुलगा-सुनेबरोबर राहते. मी सोलापूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. सुट्टीत चार दिवस मामीकडे गेले होते. एका संध्याकाळी अंगणात लसूण सोलता सोलता ती म्हणाली, "शैला, धरणाचं पानी आटलंय म्हनं. जांभूळवाडीचं देऊळ उघडं पडलंय. दाखवशील का मला?"

जांभूळवाडी अवसरीपासून एसटीनं दोन-अडीच तासांवर. पण पाणी भरल्यापासून मामी तिकडे फिरकली नव्हती. नव्वदच्या दशकात वाडी उठली तेव्हा तिच्या आईवडिलांना खाली सपाटीवर जागा मिळाली. मामी तिथेच भेटायला जायची. दोघंही तिथेच वारले. मामा म्हणायचे, पाण्यात काय बघायचं? आता मामा नव्हते, आणि मामीचे गुडघे दर वर्षी थोडे थोडे जात होते.

आधी लेण्याद्रीचा नवस फेडायचा, मग जुन्नरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घोडेगावमार्गे धरणावर, असं आम्ही ठरवलं. ठरवलं मी. तिनं फक्त पिशवीत भाकऱ्या बांधल्या.

लेण्याद्री

उन्हं तापायच्या आत पायऱ्या चढायच्या म्हणून पहाटेची गाडी धरली होती, पण नारायणगावला दुसरी गाडी चुकली आणि पायथ्याशी पोचेपर्यंत साडेनऊ झाले. डोलीवाले मामीच्या मागे लागले. ती म्हणाली, "देवाला जायचं ते आपल्या पायानं," आणि प्रत्येक वळणावर बसत, पदरानं वारा घेत चढू लागली.

तिकिटाच्या खिडकीशी फलक होता. आपल्या लोकांना एक दर, परदेशी पाहुण्यांना त्याच्या कितीतरी पट. आमच्यापुढे सहा गोरी माणसं उभी होती, आणि त्यांतली एक उंच, करड्या केसांची बाई फलक पुन्हा पुन्हा वाचत होती. मामीनं मला विचारलं काय लिहिलंय, मी सांगितलं.

"पावण्यांना जादा?" ती म्हणाली. "आपल्या घरी कोन आलं तर आपन असं करतो का?"

मला हसू आलं. मी म्हटलं, "त्यांच्याकडे पैसा आहे मामी."

"असू दे की. पावणं ते पावणं."

वर लेण्यांत गारवा होता. मामीनं दर्शन घेतलं, नारळ वाढवला. नंतर ओट्याच्या कडेला आम्ही भाकरी सोडली तर माकडांनी गाठलं. एकानं माझ्या हातातली चटणीची पुडी पळवली, आणि दुसऱ्यानं त्या उंच बाईच्या डोक्यावरची कापडी टोपी. ती घाबरून मामीशेजारी येऊन बसली. मामीनं काठी आपटून माकडांना हुसकलं, टोपी काही मिळाली नाही, पण मामीनं अर्धी भाकरी त्या बाईच्या हातावर ठेवली. वर ठेचा ठेवला. बाईनं खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, आणि दोघी हसत सुटल्या.

तिचं नाव मार्था. हॉलंडहून आली होती, शाळेत भूगोल शिकवायची. बाकीचे पाच तिच्याच गावचे. माझं इंग्रजी पुस्तकांच्या याद्या करून करून बरं झालं आहे, पण ते बोलून दाखवायची वेळ सोलापुरात फारशी येत नाही. त्या दिवशी मी खूप बोलले. लेणी, पाण्याची टाकी, घाटातून खाली उतरणारी जुनी व्यापाराची वाट, माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. आजूबाजूची आपली माणसं थांबून ऐकत होती आणि मला ते आवडत होतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथे आहे.

मार्था म्हणाली, आज जुन्नरला राहणार, उद्या धरणाच्या काठावरच्या तंबूंच्या कॅम्पवर. तिथून बोटीनं एक बुडालेलं गाव दाखवतात म्हणे.

मी मामीकडे वळून म्हटलं, "मामी, हे लोक उद्या तुझ्या माहेरी चाललेत."

मामीनं मार्थाकडे पाहिलं आणि विचारलं, "कशाला?"

या प्रश्नाचं इंग्रजी मी केलं नाही.

जुन्नर

संध्याकाळी एसटी स्टँडजवळच्या एका लॉजवर आम्ही गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी आमच्या मागे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं, आणि विचारलं, "बरोबर कोण आहे?"

"आम्ही दोघीच."

"पुरुष माणूस कुणी न्हाई का? मग अवघड हाय ताई. नुसत्या लेडीजला आमी रूम देत नाय. उगं भानगड नको."

मी कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं. मामीचं वय दाखवलं, ते तर दिसतच होतं. मामी माझा हात ओढत होती, "चल गं, कशाला बोलतीस." तेवढ्यात मार्थाची मंडळी दारात आली. त्यांत एक तरुण जोडी होती, लग्न न झालेली, हे त्यांनीच मला दुपारी सहज सांगितलं होतं. गृहस्थ उठून उभे राहिले. पंखा त्यांच्याकडे वळवला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्या लोकांना मराठी-हिंदी, म्हणून दोन्ही बाजूंनी मीच बोलले. गरम पाणी किती वाजता, संडास कसला, पंखा चालतो का, सगळं. त्यांना तीन खोल्या मिळाल्या. कुणी कुणाचं कोण लागतं हे विचारलं गेलं नाही.

"तुमची लई मदत झाली ताई," गृहस्थ म्हणाले. "चहा घेता का?"

चहा न घेता आम्ही परत लेण्याद्रीच्या पायथ्याशी आलो, आणि देवस्थानाच्या भक्तनिवासात जागा मिळाली. सतरंजी होती, नळाला पाणी होतं. आधी रस्त्यात एका खानावळीत मासवडी खाल्ली होती. या भागात येणाऱ्यानं ती खाल्ल्याशिवाय जाऊ नये. नाव ऐकून शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, बेसनाचीच असते, आत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि बरोबर झणझणीत रस्सा. मामीनं एक वडी खाल्ली आणि बाकीच्या माझ्या ताटात सरकवल्या. मला वाटलं, रस्सा तिखट लागला असेल.

अंथरुणावर पडल्यावर ती म्हणाली, "देऊळ उघडं पडलंय म्हंजे आमचं जोतंबी उघडं पडलं आसंल. देवळापासून आमचं घर जवळच."

धरणाकडे

जुन्नरहून घोडेगाव, घोडेगावहून भीमाशंकरच्या वाटेवरची गाडी. शिनोली मागे पडलं की डोंगर जवळ येऊ लागतात. मे महिन्यात ते सगळे भाजल्यासारखे तांबडे-काळे होते. रस्त्याकडेच्या अंगणांत हिरडा वाळत टाकला होता. खिडकीतून करवंदांचे द्रोण विकायला आले, मी दोन घेतले, मामीनं एक करवंद तोंडात टाकलं आणि बी बराच वेळ चघळत राहिली.

मला वाटलं होतं ती रडेल किंवा जुनं काही सांगेल. तसं झालं नाही. फक्त धरणाची भिंत दिसली तेव्हा तिनं चप्पल काढून पाय सीटवर घेतले आणि पदर डोक्यावरून नीट ओढला. सासरहून आलेली मुलगी गावाच्या वेशीशी घेते तसा.

फाट्यावर उतरून आम्ही पाऊण तास चाललो. जांभूळवाडीची उंचवट्याची जागा आता पाण्याच्या दोन फाट्यांच्या मधे आहे. पलीकडच्या काठानं जायचं तर डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस, आणि शेवटी गुडघाभर चिखल. अलीकडून बोटीनं पंधरा-वीस मिनिटं. पण अलीकडच्या काठाला तारेचं कुंपण होतं, आत पांढरे तंबू, बोगनवेल, आणि फाटकावर इंग्रजी पाटी. मराठीत फक्त एक ओळ होती: परवानगीशिवाय आत येऊ नये.

वॉचमननं अडवलं. आम्ही सांगितलं, बोटीनं पलीकडे जायचंय, जे काय द्यायचं ते देऊ. तो आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ.

"ताई, बोट आपल्या गेस्टसाठीच आहे."

"मग आम्ही गेस्ट म्हणून राहतो. एक तंबू द्या."

"फुल आहे."

फुल नव्हतं. वीसेक तंबूंपैकी निम्म्यांच्या कनाती बांधलेल्या होत्या. माझी नजर तिकडे गेलेली त्याला दिसली.

"खरं सांगू का ताई, राग मानू नका," तो म्हणाला. "मी मंचरचाच आहे, आपल्याच भागातला. सुरुवातीला आपल्या लोकांना देत होतो. बाटल्या फोडून टाकतात पाण्यात. टेप लावून नाचतात. बायकांकडे बघत बसतात. मग फॉरेनचे गेस्ट तक्रार करतात आणि पुण्याहून मालक मला झापतो. म्हणून आता बंदच केलंय."

खोटं बोलत नव्हता तो. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर पानाच्या पिचकाऱ्या मीच मोजत गेले होते. पण त्याच्यासमोर पासष्ट वर्षांची, नऊवारीतली, हातात भाकरीची पिशवी असलेली बाई उभी होती, आणि ती बाटल्या फोडणार नव्हती.

मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "एकीला सोडलं की सगळे येतात ताई."

मामी फाटकाच्या तारेतून पाण्याकडे बघत होती. "त्ये बघ, कळस," ती म्हणाली. दूर, पाण्यापलीकडे, तांबूस चिखलात एक काळा ठिपका होता.

तेवढ्यात मार्थाची गाडी आली.

मी पुढे काय केलं ते सरळ सांगते. मी मार्थाला गाठून इंग्रजीत सगळं सांगितलं. ही बाई त्या बुडालेल्या वाडीत जन्मली, तिथून लग्न होऊन गेली, पाणी भरल्यापासून आज पहिल्यांदा आली आहे, आणि तिला बोटीत घेत नाहीत. मार्थाचा चेहरा लाल झाला. ती मॅनेजरकडे गेली आणि म्हणाली, ही त्याच वाडीत जन्मली आहे, ही येत नसेल तर मीही येत नाही. बाकीचे पाचही तिच्यामागे उभे राहिले. मला फार बरं वाटलं. जिंकल्यासारखं.

मॅनेजरनं सहाही पाहुण्यांकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला. तो मराठीत मला म्हणाला, "असं आधी का न्हाई सांगितलं ताई? आजी मूळच्या तिथल्याच आहेत तर चला की. गेस्टना गाव दाखवतील, काय काय कुठं होतं सांगतील. तुम्ही इंग्लिशमध्ये सांगा. जात्यावरच्या ओव्या येतात का आजींना?"

मी मामीकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्याला म्हनावं, येतात. बोट लवकर काढा, वारं सुटंल."

पाण्यावर

बोटीत नारिंगी लाइफ जॅकेट होती, सहा पाहुण्यांना सहा, एक मॅनेजरला आणि एक बोटवाल्याला. आम्हाला उरली नाहीत. मॅनेजर हसून म्हणाला, "आजी इथल्याच, पाण्याची सवय असेल त्यांना."

मामीला पाण्याची कसली सवय! तिच्या लहानपणी इथे उन्हाळ्यात घोटाभर वाहणारी नदी होती. ती बोटीच्या तळाशी उकिडवी बसली आणि तिनं माझी पोटरी घट्ट धरली. बोटवाला काळासावळा, पिकल्या मिशांचा माणूस होता, धोंडूभाऊ नावाचा, वरच्या डोंगरातल्या वाडीचा. त्यानं आपलं जॅकेट काढलं आणि मामीच्या गळ्यात घातलं.

"कुनाची गं तू?" त्यानं विचारलं.

मामीनं वडिलांचं नाव सांगितलं.

"आरं! त्यांच्या आंब्याखाली आमी बैलं सोडायचो बाजाराला जाताना." मग त्यानं मॅनेजरकडे पाहिलं आणि इंजिन सुरू केलं.

पाणी हिरवं आणि गप्प होतं. मार्था माझ्याशेजारी बसून सांगत होती की तिच्या देशात लोकांनी समुद्र मागे हटवून जमीन काढली, तिचं स्वतःचं घर अशा जमिनीवर आहे. "तुमच्याकडे उलट झालं," ती म्हणाली, आणि लगेच "माफ करा" म्हणाली. मी हे मामीला सांगितलं. मामीनं मान हलवली. ती उत्तर शोधत नव्हती, काठ शोधत होती.

जांभूळवाडी

उतरल्यावर पहिल्यांदा येतो तो वास. कुजलेल्या गवताचा, माशांचा, ओल्या भिंतीचा. चिखल वाळून त्याच्या हातभर रुंद खपल्या झाल्या होत्या, त्यांवरून चालताना आत मऊ लागायचं. दगडी जोती ओळीनं उभी होती, त्यांवर भिंती नव्हत्या. झाडांचे काळे बुंधे. देवळाचा कळस शाबूत होता, गाभाऱ्यात गाळ साचला होता, आणि बाहेरच्या दगडांवर पाण्याच्या पातळीच्या रेषा एकावर एक उमटल्या होत्या. देव आधीच खाली सपाटीवर नेलेला. मामीनं तरी रिकाम्या गाभाऱ्यापुढे डोकं टेकलं. पाच कॅमेऱ्यांचा आवाज झाला.

तिला ते कळलं. ती लगेच उठली.

"आजी, गेस्टना सांगा की काय काय होतं," मॅनेजर म्हणाला.

मामी सांगू लागली, मी इंग्रजी करू लागले. हा पार. इथं शिमग्याला होळी. इथून खाली नदीचा उतार. हे वाण्याचं दुकान, गूळ आणि रॉकेल मिळायचं. ती फार थोडं बोलायची आणि मी वाढवून सांगायचे. तिनं "इथं बाया पानी भरायच्या" म्हटलं की माझ्या इंग्रजीत घागरी येत, हसणं येई, गाणी येत. पाहुणे माना डोलावत. त्यांतला एक उंच माणूस वहीत लिहून घेत होता.

"आणि त्यांचं घर?" मार्थानं हळू आवाजात विचारलं. "दाखवायचं नसेल तर राहू दे."

हे दुसरं वाक्य मी मामीला सांगितलं का? मला आठवत नाही. बहुतेक नाही. कारण मॅनेजर त्याच वेळी म्हणाला, "हां आजी, तुमचं घर दाखवा!"

मामी थांबली. तिनं एकदा डावीकडे पाहिलं, उताराच्या बाजूला. मग उजवीकडे वळून ती देवळामागच्या एका जोत्यापाशी गेली आणि त्याच्या पायरीवर उभी राहिली.

"ह्ये," ती म्हणाली.

सगळे भोवती जमले. तिला मधे उभं करून फोटो झाले, प्रत्येकाबरोबर एक. चूल कुठे होती विचारलं, तिनं कोपरा दाखवला. ती कुठे निजायची विचारलं, तिनं दुसरा कोपरा दाखवला. वहीवाल्यानं विचारलं, आता तिला काय वाटतं? मी विचारलं. मामी म्हणाली, "सांग, बरं वाटलं."

मी सांगितलं, तिचं मन भरून आलं आहे, तिला आपल्या आईची आठवण येते आहे.

"ओव्या?" मॅनेजर म्हणाला.

"घसा बसलाय," मामी म्हणाली.

तरुण जोडीतल्या मुलाला चिखलात एक गंजलेला कोयंडा सापडला, कुणाच्या तरी दाराचा. त्यानं तो पाण्यानं धुतला, खुशीत सगळ्यांना दाखवला आणि बॅगेत टाकला. मार्था त्याच्यावर एवढी कडाडली की तो ओशाळून गेला, त्यानं कोयंडा काढून खाली ठेवला. पण जिथून उचलला होता तिथे नाही, जिथे उभा होता तिथेच. मामी ते बघत होती. धोंडूभाऊ दूर बोटीशी उभा होता, तोही बघत होता.

वारं सुटायला लागलं. मॅनेजरनं घड्याळ पाहिलं. मामी मला म्हणाली, "शैला, त्याला म्हन, मला थोडा येळ एकटीला दे. ह्यांना म्होरं जाऊ दे."

मी सांगितलं. तो म्हणाला, "आजी, पाहुण्यांच्या जेवणाची वेळ झाली. आणि वारा वाढला की बोट आणायला त्रास होतो. पुढच्या वेळी निवांत."

धोंडूभाऊ म्हणाला, "साहेब, मी पाहुन्यांना सोडून आजीला न्यायला परत येतो की."

"डिझेल काय झाडाला लागतं का?" मॅनेजर म्हणाला.

मामीनं पुन्हा विचारलं नाही. ती आपणहून बोटीत येऊन बसली. मी मार्थाला बोलवायला हवं होतं. एका शब्दानं काम झालं असतं, सकाळी झालं होतं तसं. पण मला तेव्हा लाज वाटली, एकाच दिवसात दोनदा परक्या बाईकडून आपल्या माणसासाठी परवानगी मागायची याची. लाज माझी, आणि वेळ गेला मामीचा.

काठावर

जेवणाचा मोठा तंबू पाहुण्यांचा. आम्हाला मॅनेजरनं आग्रहानं स्वयंपाकघरामागच्या सावलीत बसवलं, धोंडूभाऊशेजारी. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. जेवण चांगलं होतं. थोड्या वेळानं मार्था आपलं ताट घेऊन तिथे आली आणि मामीशेजारी जमिनीवर बसायला लागली. मॅनेजर धावत आला. दोन मिनिटांत तिथे टेबल आलं, चार खुर्च्या आल्या, टेबलावर कापड आलं, थंड पाण्याच्या बाटल्या आल्या. धोंडूभाऊ उठून पलीकडे गेला. मामी खुर्चीच्या कडेला अवघडून बसली आणि तिनं भाकरी अर्धी टाकली. तिला टाकताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मार्थाला हे सगळं दिसत होतं. ती मला म्हणाली, "मी चांगलं करायला जाते आणि प्रत्येक वेळी काहीतरी बिघडतं." मी म्हटलं, "तसं नाही." दुसरं काय म्हणणार?

निघताना मॅनेजर फाटकापर्यंत आला. खरोखर खूश होता तो. "ताई, गेस्टना फार आवडलं. आजी अगदी नैसर्गिक आहेत. मे अखेरपर्यंत अजून दोन ग्रुप आहेत. आजींना आणाल का? गाडी पाठवू आम्ही अवसरीला."

आणि मी चटकन नाही म्हटलं नाही. मनात आलं, गाडी येईल, मामीला पुन्हा बघायला मिळेल, या वेळी मी आधीच तिच्यासाठी वेळ मागून घेईन. मी म्हटलं, "विचारते तिला."

घोडेगावची गाडी जवळजवळ रिकामी होती. मामी खिडकीशी बसली. धरणाची भिंत मागे गेली, हिरड्याची अंगणं गेली. मी तिला मॅनेजरचं बोलणं सांगितलं. ती ऐकून खिडकीकडे वळली. मग बाहेर बघतच म्हणाली,

"त्ये आमचं घर नव्हतं गं."

मला कळलं नाही. "कुठलं?"

"त्यांना दाखवलं त्ये. त्ये वाण्याच्या भावाचं. मी कधी आतबी गेले न्हवते त्या घरात."

"मग तुझं?"

"खाली. उताराच्या अंगाला. चिंचेच्या बुंध्यापलीकडं."

"अगं मग सांगायचं नाहीस का? बोलली असतीस तर मी..."

"काय बोलायचं? त्यांनी इचारलं, चूल कुठं, निजायची कुठं. माज्या आईच्या चुलीवर पाय ठिवून फोटू काढले आसते." तिचा आवाज चढला नाही. "मला वाटलं, त्ये गेले का मग मी जाईन हळूच. पायरी तरी बघीन. तर त्यो म्हनला जेवायची येळ झाली."

पुढे घोडेगाव येईपर्यंत ती रडत होती. आवाज न करता, पदर तोंडाशी न नेता, नुसती खिडकीतून बाहेर बघत. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण परत दाबलाही नाही.

पुढच्या मेमध्ये मी रजा काढून अवसरीला आले होते. पलीकडच्या काठानं जाऊ, जीपनं जमेल तेवढं, मग माणसं घेऊन डोलीनं, असं मी ठरवलं होतं. मामीचे गुडघे सुजले होते. ती म्हणाली, पुढच्या साली. त्याच साली पाऊस संपता संपता ती गेली. साधा ताप आला आणि चार दिवसांत गेली.

त्यापुढच्या मेमध्ये मी एकटी जाऊन आले मग, पलीकडच्या काठानं, चिखलातून. कॅम्पच्या बोटीतले पाहुणे देवळापाशी फोटो काढत होते, कुणी नवा माणूस त्यांना गाव सांगत होता. मी त्यांच्याकडे न जाता उताराला लागले. बरीच जोती होती तिथे, काही गाळात अर्धी, काही पाण्यात. आणि चिंचेचे बुंधे दोन होते, एकमेकांपासून बरेच लांब. मामीचा कुठला, ते मी त्या दिवशी गाडीत विचारलं नव्हतं.